धूळपाटी, पडदा आणि पट

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही जुन्या प्राथमिक शाळेत हजेरीपट, जनरल रजिस्टर आणि शेरेबुक यांच्या गठ्ठ्यात आणखी एक जाडजूड वही असते. कागदोपत्री तिचे नाव जडवस्तू संग्रह नोंदवही. गुरुजी आणि बाई तिला ‘डेडस्टॉक’ म्हणतात. शाळेत आलेली आणि वापरून न संपणारी प्रत्येक वस्तू तिच्यात चढते. पितळी घंटा, टेबल, भिंतीवरचे नकाशे, पृथ्वीचा गोल, विज्ञानपेटी, टू-इन-वन, रंगीत दूरदर्शन संच, संगणक, प्रोजेक्टर. वस्तू मोडली तरी निर्लेखनाची मंजुरी येईपर्यंत कागदावर ती शाबूत राहते आणि मुख्याध्यापक बदलला की ‘चार्ज’ घेताना नव्याने मोजली जाते.

गेली काही वर्षे मी या वह्या वाचतो आहे. शाळेतल्या वस्तू ज्या क्रमाने या वहीत उतरल्या, तो क्रम म्हणजे शिक्षणातल्या नव्या तंत्राचा गावपातळीवरचा इतिहास, असे मला सुरुवातीला वाटले. पुढे लक्षात आले की वहीत तारीख, नग, किंमत आणि शेरा एवढेच रकाने आहेत. वस्तू मुलांच्या हाती लागली का, हे सांगणारा रकाना तिच्यात नाही. वर्गात किती मुले होती, एका शिक्षकाच्या वाट्याला किती होती, हेही त्या वहीला ठाऊक नसते. ते हजेरीपटात असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायला लागल्यावर एक गोष्ट दिसू लागली. शाळेत येणारे प्रत्येक नवे साधन किती मुलांच्या शाळेसाठी बनवले आहे, हे त्याच्या घडणीतच ठरलेले असते. आणि एकदा साधन आले की त्या आकड्यात न बसणारी शाळा चुकीची वाटू लागते. हा लेख त्या आकड्याविषयी आहे.

सुरुवात डेडस्टॉकच्या वहीत कधीच न चढलेल्या एका साधनापासून करावी लागते. पंतोजीच्या शाळेत नव्या मुलापुढे लाकडी फळी ठेवत. तिच्यावर विटेची बारीक पूड किंवा धूळ पसरलेली असे. बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, हात फिरवून मोडायचे आणि पुन्हा काढायचे. ही धूळपाटी, आणि तिच्यावरची ती धुळाक्षरे. तिला खर्च नव्हता, ती फुटत नव्हती, आणि तिच्यावरची चूक पुसली की मागे काही राहत नसे. आज ‘मुलाला चुकायची मोकळीक हवी’ असे शिक्षणशास्त्र बजावून सांगते. धुळीत ती मोकळीक मुळातच होती.

या शाळेत इयत्ता नव्हत्या. मूल दसऱ्याच्या मुहूर्तावर येई किंवा इतर कोणत्याही चांगल्या दिवशी, आणि घरच्यांना पुरेसे वाटले की जाई. कुणी मुळाक्षरांवर, कुणी बाराखडीवर, कुणी मोडी वळणावर, कुणी हिशेबात, असे प्रत्येक जण आपापल्या जागी असे. थोरली मुले धाकट्यांकडून पाढे घोकून घेत. नुसते बे-चे पाढे नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हेही. (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा; आमच्या पिढीलाही तो ऐकूनच माहीत.) पंतोजी सगळ्यांवर नजर ठेवून असे, आणि हातात छडी असे.

या शाळांचे गोडवे गायचे नाहीत. छडीच काय, उलटे टांगण्यापर्यंतच्या शिक्षांच्या कथा त्या काळातून आल्या आहेत. मुलींना तिथे जागा नव्हती, अस्पृश्य मानलेल्यांना तर दारही नव्हते. ही शाळा मुख्यतः ब्राह्मणांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि काही सुस्थितीतल्या कुणबी घरांतल्या मुलग्यांची होती. परंतु तिचा आकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई सरकारने देशी शाळांची माहिती गोळा करायला सुरुवात केली. ते कागद शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी खणून काढले आणि १९४५ साली छापले. १८२९ सालच्या तक्त्यात मुंबई इलाख्यात १,७०५ शाळा आणि सुमारे पस्तीस हजार विद्यार्थी दिसतात. घरोघर चालणारे शिक्षण या मोजणीतून सुटले, असे परुळेकरांचे म्हणणे होते आणि ते पटण्यासारखे आहे. तरी आहेत त्या आकड्यांचा भागाकार करून पाहा. एका शाळेला वीस-एकवीस मुले येतात. काही शाळा याहून मोठ्या, काही अगदी सात-आठ मुलांच्या. पण त्या काळी गावची शाळा म्हणजे अशी वीसेक मुलांची.

आता थोडे मद्रासकडे जावे लागेल, कारण आपल्या धुळीची कथा तिथून जगभर गेली. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८७ साली मद्रासला उतरला. दोन वर्षांनी एग्मोर इथल्या लष्करी अनाथ मुलग्यांच्या आश्रमाचा तो अधीक्षक झाला. एके दिवशी त्याने तिथल्या एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, आणि हेच आश्रमात करायचे ठरवले. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांना ही कल्पना मुळीच रुचली नाही; त्यांनी नेट लावला नाही. तेव्हा बेलने वाळूचा वर्ग जॉन फ्रिस्किन नावाच्या जेमतेम आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दिला. फ्रिस्किनने तो चालवून दाखवला. मग बेलने एकेक करत बाकीचे वर्गही मुलांच्याच हाती सोपवले. १७९६ मध्ये तो परतला आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याने या प्रयोगाचा अहवाल छापला. ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडात गाजली.

जवळपास त्याच सुमारास, १७९८ मध्ये, जोसेफ लँकेस्टर या तरुण क्वेकराने लंडनच्या गरीब वस्तीत शाळा काढली आणि याच विचाराला कारखान्याचा घाट दिला. एक भलामोठा दिवाणखाना, त्यात बाकांच्या रांगा, प्रत्येक रांगेला एक मॉनिटर. सगळ्यांत लहान मुलांसाठी वाळूची मेजे, त्यावरच्यांसाठी दगडी पाट्या. हुकूम झाला की सगळ्या पाट्या एकदम वर. पुस्तके महाग, म्हणून धड्यांची पाने मोठ्या अक्षरांत एका बाजूला छापून पुठ्ठ्यांवर चिकटवायची आणि भिंतीला टांगायची. मुलांचे घोळके पाळीपाळीने त्यांच्यापुढे अर्धवर्तुळात उभे राहत. एका पुस्तकात सगळी शाळा भागते, आणि एका मास्तरात हजार मुले, असा लँकेस्टरचा दावा होता. बेल आणि लँकेस्टर यांच्या अनुयायांत पुढे ‘मूळ कल्पना कुणाची’ यावरून वर्षानुवर्षे जुंपली. वाळूत गिरवणाऱ्या त्या मद्रासी शाळेच्या पंतोजीचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

इथे काय घडले ते पाहायला हवे. थोरल्याने धाकट्याला शिकवणे आणि धुळीत गिरवणे या दोन्ही गोष्टी देशी शाळेतल्याच होत्या. तिथे त्या मुले आपापल्या चालीने पुढे जावीत म्हणून होत्या. लंडनमध्ये त्याच गोष्टी मास्तर वाचवण्यासाठी वापरल्या गेल्या. तेच साधन वीसच्या पटावरून उचलून पाचशेच्या पटावर ठेवले गेले, आणि त्याबरोबर हुकूम, रांगा आणि पाट्या एकदम वर करण्याची कवायत आली.

यानंतर ही पद्धत जहाजातून परत आली. १८२२ साली मुंबईत स्थापन झालेली आणि मराठीत ‘हैंदशाळा शाळापुस्तक मंडळी’ या नावाने ओळखली जाणारी संस्था शाळांसाठी पुस्तके आणि शिक्षक तयार करू लागली. एल्फिन्स्टन तिचा अध्यक्ष, आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा इंजिनिअर तिचा चिटणीस. जर्व्हिसने शास्त्र्यांना हाताशी धरून गणिताची मराठी पुस्तके रचली, आणि १८२६च्या सुमारास चोवीस तरुण शिक्षक तयार करून मराठी व गुजराती मुलखात पाठवले. त्यांना जी पद्धत शिकवली गेली ती लँकेस्टरची. शिळाप्रेसवर छापलेली पुस्तके आणि दगडी पाट्या त्यांच्याबरोबर गावोगाव गेल्या. छापखानाही दगडाचा आणि पाटीही दगडाची, त्यामुळे आपल्या शिक्षणातल्या पहिल्या ‘नव्या तंत्रा’ला दगडाचे युग म्हणायला हरकत नाही.

पाटी टिकली. इतकी की पुढे ती आपलीच झाली. दसऱ्याला एकच्या आकड्यांची सरस्वती काढून आपण तिची पूजा करू लागलो. लँकेस्टरची हजार मुलांची शाळा इथे कधी उभी राहिली नाही, कारण गावांत तेवढी मुलेच नव्हती. तिच्यातला मॉनिटर तेवढा उरला. मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. गुरुजी वर्गाबाहेर गेले की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा. धाकट्याला पाढे शिकवणारा थोरला विद्यार्थी लंडनला गेला आणि शिपाई होऊन परतला, असे मी गमतीने म्हणतो.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. ऑक्टोबर १८८२ ची गोष्ट. प्राथमिक शाळांबद्दल त्यांनी केलेल्या सूचना आज पुन्हा वाचाव्यात. मोडी, बालबोध, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवा असे ते म्हणतात, आणि भर देतात तो शिक्षकावर. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल. आणि त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत त्याहून जास्त असावा. १८४८ पासून ज्यांनी स्वतः शाळा काढल्या आणि चालवल्या, त्यांना शाळेला काय कमी पडते हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांच्या मागणीत एका मास्तरावर किती मुले भागवता येतील हा हिशेबच नाही. तो मास्तर कोण असावा आणि त्याला काय द्यावे, हा आहे.

मधली नव्वदेक वर्षे मी भरभर ओलांडतो. आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम आले, मॅजिक लँटर्न आले, प्रचारगाड्यांतून चित्रपट आले. त्यांनी शाळेचा दिवस फारसा बदलला नाही.

बदलाची खरी झेप १ ऑगस्ट १९७५ ची. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला मिळाला आणि ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या, तीन मीटर रुंदीच्या अँटेना उभ्या राहिल्या. यशपाल यांच्या नेतृत्वाखाली अहमदाबादच्या तरुण तंत्रज्ञांनी जे केले ते आजही थक्क करते. कित्येक गावांत वीज नव्हती तर संच बॅटरीवर चालवले. महाराष्ट्र या सहांत नव्हता; पण मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम तयार करायला इस्रोने मुंबईत स्टुडिओ थाटला होता.

सकाळचा दीड तास शाळांसाठी असे. त्यात हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड यांचे वाटे. म्हणजे एका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे. एका गावच्या शाळेतली पाच ते बारा वर्षांची सगळी मुले एका संचापुढे बसत. जे सहा वर्षांच्या मुलासाठी तेच अकरा वर्षांच्या मुलीसाठी, आणि जे जयपूर जिल्ह्यासाठी तेच मुझफ्फरपूरसाठी. लँकेस्टरच्या दिवाणखान्यात निदान हजारच मुले होती; इथे दिवाणखाना अर्ध्या देशाएवढा झाला. शिक्षक थोडे आहेत, तेव्हा एक उत्तम शिक्षक पडद्यावरून सगळ्यांना पोहोचवू, ही आशा मात्र तीच.

नंतर मोजमाप झाले तेव्हा मुलांच्या भाषेत आणि शाळेबाहेरून माहिती मिळवण्याच्या वृत्तीत फरक आढळला. शालेय विषयांतल्या प्रगतीत तसा ठळक फरक दिसला नाही. मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सुट्ट्यांच्या काळात हेच संच प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान-प्रशिक्षणाला वापरले गेले. बारा-बारा दिवसांच्या दोन फेऱ्यांत पन्नास हजारांच्या आसपास शिक्षक त्यांतून गेले. कार्यक्रम बघायचा, हाताने प्रयोग करायचे, शंका विचारायच्या, असा तो क्रम होता. पडदा शिक्षकाच्या जागी न येता शिक्षकाच्या पुढ्यात आला. ३१ जुलै १९७६ ला करार संपला, उपग्रह आपल्या आकाशातून सरकला आणि गावांतले पडदे काळे झाले. प्रशिक्षण घेतलेले शिक्षक मात्र आपापल्या शाळांत होते.

महाराष्ट्राच्या शाळेत पडदा आला तो १९८४ नंतर. इन्सॅट उपग्रह आला आणि सहा राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम बनवणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांतली आपली म्हणजे पुण्याची ‘बालचित्रवाणी’. माझ्या वयाच्या वाचकांच्या कानांत तिचे शीर्षकगीत आत्ताच वाजू लागले असेल. तिच्या कार्यक्रमांत मराठी मातीतली माणसे होती, कारागीर, पक्षी, किल्ले होते. केंद्राच्या योजनेतून शाळांना रंगीत संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर मिळू लागले. त्याच वर्षांत ‘खडू-फळा’ मोहीम आली. नाव खडू-फळ्याचे असले तरी तिच्यात प्रत्येक शाळेला दोन खोल्या, साहित्याच्या पेट्या आणि दुसरा शिक्षक, शक्यतो शिक्षिका, असे सगळे होते. माझ्या मते त्या दशकात एकशिक्षकी शाळेत पोहोचलेले सर्वांत मोठे ‘साधन’ ही दुसरी बाई होती. तिची नोंद अर्थातच डेडस्टॉकमध्ये नाही.

संचाची आहे. मी पाहिलेल्या वह्यांत तो ठळक अक्षरांत आहे, बहुधा वहीतली सर्वांत महाग वस्तू म्हणून. आणि नेमके तेच त्याच्या मुळावर आले. वस्तू हरवली किंवा फुटली तर भरपाई मुख्याध्यापकाच्या पगारातून. त्यामुळे संच कपाटात, विज्ञानपेटी कुलुपात, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला, असे एक जुने शिक्षक मला हसत म्हणाले. आळस किंवा अडाणीपणा म्हणून या कुलपांकडे बोट दाखवणारे बरेच आहेत. बारा-पंधराशे रुपये पगाराच्या माणसाने दहा हजारांची वस्तू पाचवीच्या मुलांच्या हाती द्यावी आणि बदलीच्या वेळी तिचा जाब द्यावा, ही रचना ज्यांनी केली त्यांच्याकडे बोट जात नाही.

खानदेशातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला त्यांच्या टाचणवह्या दाखवल्या. १९८९ ते १९९३ सालच्या. दूरदर्शनचा उल्लेख चार वर्षांत मोजून नऊ वेळा. त्यातही तीनदा ‘वीज नाही’. कॅसेट प्लेअरचा उल्लेख मात्र जवळजवळ प्रत्येक आठवड्यात. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “दादा, टीव्ही थांबत नाही. मुलगा ‘म्हणजे काय’ विचारतो तोवर तो पुढे गेलेला असतो. हा डबा माझ्या बोटाने थांबतो.” त्यांनी कोऱ्या कॅसेटवर मुलांची अहिराणी गाणी आणि गोष्टी भरून घेतल्या होत्या. आपला आवाज डब्यातून ऐकून पहिलीची मुले बोलकी झाली, आणि मग त्याच गोष्टी त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या मराठीत सांगून घेतल्या. हे काम त्यांना कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नव्हते. शेरेबुकात त्याबद्दल अवाक्षर नाही.

थांबवता येते की नाही, ही कसोटी मला तेव्हापासून फार उपयोगी पडली. धूळपाटी पुसता येते, कॅसेट मागे नेता येते, पुस्तकाचे पान उलटता येते. प्रक्षेपण यांतले काहीच करू देत नाही. ते वीस मुलांच्या वर्गासाठी बनलेलेच नसते; ते लाखांसाठी असते, आणि वर्गाने त्याच्या वेळेला हजर राहायचे असते. केंद्राचा निधी आटल्यावर बालचित्रवाणी हलाखीत गेली आणि २०१७ मध्ये बंद झाली. हजारो मराठी कार्यक्रमांचा तो साठा शिक्षकाच्या बोटाने थांबवता येण्याजोगा होण्याची वेळ नेमकी तेव्हाच आली होती, ही यातली चुटपुट.

कारण त्याच वर्षी राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले. या कल्पनेमागे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांचे काम होते. २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटली, हे सर्वांनी वाचले आहे. त्यानंतरची उलटसुलट चर्चाही वाचली आहे. तिच्यात मला शिरायचे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की ही कल्पना माढा तालुक्यातल्या एका छोट्या वस्तीच्या शाळेत, समोरच्या मूठभर मुलांसाठी, शिकवणाऱ्या माणसाच्या हातून निघाली. कोणत्या धड्याला मूल अडते हे ज्याला रोज दिसते त्याने त्या धड्यापाशी दार ठेवले. कोडमागची चित्रफीत थांबते, मागे जाते, आणि एकाच मुलीसाठी चारदा लागते.

याच काळात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ च्या लाटेत गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. गावकऱ्यांनी जत्रेची वर्गणी प्रोजेक्टरला दिल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत, आणि विजेचे बिल थकल्याने तोच प्रोजेक्टर बंद पडलेलाही पाहिला आहे. यंत्र लोकवर्गणीतून येते. दर महिन्याचे बिल कोणाच्या वर्गणीत बसत नाही.

मग मार्च २०२० आला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. संगणक होता ४.४ टक्क्यांत. या पायावर शाळा एकाएकी ‘ऑनलाइन’ झाली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअॅपवर सुरू केली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका आली. घरातल्या आणि परसातल्या वस्तू घेऊन केलेली, आणि खरोखर गोड. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर एका संस्थेने ध्वनिक्षेपक लावून ‘बोलकी शाळा’ चालवली. सोलापूरच्या निलमनगरात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी शेकडो घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुले अंतर ठेवून भिंतीपुढे उभी राहून वाचत होती. त्या भिंतींची छायाचित्रे पाहताना मला लँकेस्टरची टांगलेली पाने आठवली. फरक असा की इथे ती मुलांच्या दारात आली होती, आणि भिंतीपुढे एका वेळी दोन-तीनच मुले होती.

त्या दीड-दोन वर्षांत वापरले गेलेले सर्वांत मोठे साधन कोणते, याचे उत्तर डेडस्टॉकच्या वहीत शोधून सापडणार नाही. ते साधन म्हणजे शिक्षकांचे स्वतःचे मोबाइल, स्वतःच्या पैशाने रिचार्ज केलेले. शाळेच्या मालकीचे नसलेले साधन शाळेचा पाया झाले, असे १८२६ पासूनच्या इतिहासात माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच घडले. परिपत्रके, नोंदी, छायाचित्रे, हजेरी हे सारे तेव्हापासून त्याच मोबाइलवर येऊन बसले आहे, आणि आता हे साधन जितके मुलांसाठी चालते त्याहून अधिक कार्यालयासाठी चालते, अशी तक्रार मी प्रत्येक शाळेत ऐकतो. ती खोटी वाटत नाही. धडा थांबवून माहिती भरणारे शिक्षक मी पाहिले आहेत. इथे थांबतो तो वर्ग.

आता त्या आकड्याकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात ‘समूह शाळा’ ची चर्चा सुरू झाली. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा सुमारे पंधरा हजार. त्या जवळच्या एका मोठ्या शाळेत मिळवाव्यात, असा विचार पुढे आला. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही त्याची आरंभीची उदाहरणे म्हणून सांगितली गेली. बाजूचे युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाहीत. पाच मुलांच्या शाळेत खेळ रंगत नाही, सोबत मिळत नाही. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष देता येतो. शिक्षण हक्क कायदा मात्र पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत मागतो, आणि साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक.

या चर्चेत संगणक कक्षाचा मुद्दा फार वेळा येतो म्हणून मी इतका जुना पसारा मांडला. वीस मुलांना संगणक कक्ष परवडत नाही, हे गणित लँकेस्टरच्या दिवाणखान्याचे आहे. आता चित्रफीत खिशातल्या यंत्रात मावते, थांबते, मागे जाते. तिला पाचशेचा पट लागत नाही. परितेवाडीला लागला नाही. वीसच्या आतली शाळा ‘अव्यवहार्य’ ठरवणारी रेघ १८२९ च्या तक्त्यावर ओढली, तर मुंबई इलाख्यातल्या निम्म्याअधिक शाळा त्या रेघेखाली जातील, असा माझा अंदाज आहे. त्याच शाळांतली एक पद्धत बेलने मद्रासहून उचलून इंग्लंडला नेली होती.

गेल्या पावसाळ्यात अकराच्या पटाची एक शाळा पाहिली. एक बाई, एक खोली, एक टॅब, फुटलेल्या काचेला चिकटपट्टी लावलेला. चौथीतली मुलगी पहिलीच्या दोघांना घेऊन बसली होती. कोडवर टॅब धरायचा, गाणे लावायचे, दोन ओळींनी थांबवायचे आणि विचारायचे, “काय म्हणाला? सांग.” उत्तर आले नाही की मागे न्यायचे. बाई तिसरीच्या मुलांबरोबर फरशीवर खडूने हातच्याच्या वजाबाकीत होत्या. मोठी शाळा तिथून साडेचार किलोमीटरवर. मध्ये ओढा आहे, आणि जुलै-ऑगस्टात गाडी अलीकडच्या काठालाच थांबते.